गाडीचा दरवाजा लागत नाही की उघडत नाही? आपटू नका, आधी लॅच साफ करा, मग वंगण द्या

सोलापूर : इंजिनाची तक्रार नाही, टायर चांगले आहेत, पण मागचा डावा दरवाजा तीनदा आपटल्याशिवाय लागत नाही. कुणाचा लागतो, पण आतून उघडत नाही. कुणी तर दरवाजाला सुतळी बांधून ती सीटखालच्या सळईला अडकवलेली असते. वाड्या-वस्त्यांवर फिरणाऱ्या जुन्या जीप, व्हॅन, पिकअप आणि घरच्या गाड्यांमध्ये हे चित्र नवं नाही.

बऱ्याचदा बिघाड मोठा नसतो. दरवाजाच्या कडेला बसवलेला लॅच धुळीनं आणि वाळलेल्या ग्रीसनं जाम झालेला असतो. तो साफ करून योग्य वंगण दिलं, तर तासाभराच्या आत दरवाजा पहिल्यासारखा चालू शकतो. मात्र कामाचा क्रम चुकला, तर ‘न लागणारा’ दरवाजा ‘न उघडणारा’ होऊन बसतो आणि खर्च वाढतो. म्हणून आधी काय तपासायचं, कोणतं तेल वापरायचं, कोणतं टाळायचं आणि कुठं थांबून मेकॅनिककडे जायचं, याची ही माहिती.

लॅचच्या आत काय असतं?

दरवाजा उघडून त्याची मागची जाड कड पाहा. तिथं एक खाच दिसेल आणि खाचेत लोखंडाचा एक आकडा. समोर गाडीच्या खांबावर इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी जाड कडी असते. गॅरेजमध्ये तिला स्ट्रायकर म्हणतात. दरवाजा लावला की ही कडी खाचेत शिरते, आकड्याला ढकलते आणि आकडा फिरून कडीला मिठी मारतो. त्याच वेळी लॅचच्या आतला एक छोटा खटका आकड्याच्या दातात बसतो आणि आकडा परत फिरू देत नाही.

हँडल ओढलं की सळई किंवा केबल या खटक्याला बाजूला सारते. आकडा स्प्रिंगच्या जोरानं उलटा फिरतो, कडी सुटते आणि दरवाजा उघडतो. सगळा खेळ एवढाच आहे. आकडा, खटका आणि त्यांच्या स्प्रिंगा मोकळ्या हलत असतील तर दरवाजा बोटानं उघडतो. यातलं काहीही चिकटलं, तर मग ओढाताण सुरू होते.

आकड्याला दोन दात असतात, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पहिल्या दातावर दरवाजा अर्धवट लागतो, दुसऱ्या दातावर पूर्ण. दरवाजा नीट ढकलला तर ‘टक-टक’ असे दोन आवाज येतात. एकच आवाज आला आणि दरवाजाची कड गाडीच्या पत्र्यापेक्षा किंचित बाहेर राहिली, तर दरवाजा अर्धवट लागला आहे असं समजा. पहिला दात ही फक्त अडीअडचणीची सोय आहे. त्याच्या भरवशावर गाडी पळवायची नसते.

जाम होतो कशामुळे?

कारखान्यातून गाडी निघते तेव्हा लॅचमध्ये ग्रीस भरलेलं असतं. वर्षं जातात तसं ते वाळून घट्ट होतं. त्यात आपल्याकडचे रस्ते. उन्हाळ्यात मुरमाच्या रस्त्याची धूळ, शेताच्या कडेला उभ्या गाडीवर बसणारी काळ्या मातीची पूड, ऊसतोडीच्या हंगामात पाचटाचा बारीक भुसा. हे सगळं ग्रीसला चिकटतं आणि त्याचा लगदा होतो. थंडीत हा लगदा आणखी आवळतो. म्हणून काही गाड्यांचा दरवाजा सकाळी अडतो आणि दुपारी ऊन लागल्यावर आपोआप सुटतो.

दुसरं कारण पाण्याचं. सर्व्हिसिंगला किंवा शेतातल्या मोटारीच्या पाइपनं गाडी धुताना जोराचा फवारा थेट खाचेत मारला जातो. त्यात उरलंसुरलं ग्रीस वाहून जातं, पाणी आत राहतं आणि लोखंडाला गंज धरतो. धुतल्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी दरवाजा करकरू लागला, तर बहुधा हेच झालेलं असतं.

तिसरं कारण सहसा नजरेत येत नाही. प्रत्येक दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोकं असतात. काचेवरून दरवाजाच्या आत उतरलेलं पावसाचं पाणी त्यातून बाहेर पडतं. ही भोकं चिखलानं बुजली की पाणी आतच साचतं आणि खालून दरवाजा, आतून लॅच गंजायला लागतो. दरवाजा हलवल्यावर आत पाणी खळखळत असेल तर भोकं बुजलीच आहेत. खराट्याची काडी घालून ती मोकळी करा.

याशिवाय काही किरकोळ कारणं आहेत. सीट बेल्टचा पट्टा खाचेत अडकून चेंगरणं, भुईमुगाचं टरफल किंवा बारीक खडा आत जाणं, बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत कुंभारीण माशीनं मातीचं घर करणं. पाना-पेचकस हातात घेण्याआधी बॅटरीच्या उजेडात खाचेत एकदा डोकावून पाहा.

आधी निदान करा, मग हात घाला

दरवाजा अडला म्हणजे लॅचच खराब, असं नाही. पुढच्या खुणांवरून बिघाड कुठं आहे याचा अंदाज येतो.

• मागचा दरवाजा बाहेरून उघडतो, आतून उघडत नाही : आधी चाइल्ड लॉक पाहा. मागच्या दरवाजाच्या कडेला, लॅचजवळ, एक छोटी कळ असते. किल्लीनं किंवा बोटानं ती फिरते. ती लागली असेल तर आतलं हँडल काम करत नाही. गाडी धुताना किंवा मुलांच्या हातून ती चुकून सरकते आणि माणूस बिघाड समजून गॅरेज गाठतो.

• आतून उघडतो, बाहेरून उघडत नाही : लॅच ठीक असण्याची शक्यता जास्त. बाहेरच्या हँडलची सळई निसटलेली किंवा तिची प्लास्टिकची क्लिप तुटलेली असते.

• हँडल ढिलं पडलंय, ओढताना काहीच जोर लागत नाही : सळई किंवा केबल तुटली आहे. कितीही तेल मारलं तरी उपयोग नाही.

• हँडल घट्ट आहे, जोर लावावा लागतो, आतून-बाहेरून दोन्हीकडून तेच : लॅच जाम झाला आहे. वंगणाचा उपाय इथं चालतो.

• दरवाजा आपटला की परत उसळतो, लागतच नाही : एक तर आकडा आधीच बंद अवस्थेत फिरून बसला आहे किंवा चिकटल्यामुळे फिरत नाही.

• दरवाजा लावताना किंचित उचलावा लागतो : दोष लॅचचा नाही, बिजागरीचा. दरवाजा उघडा ठेवून त्याची मागची कड धरून वर उचला. खाली-वर हलला तर बिजागरीची पिन झिजली आहे. कडीवर वरच्या किंवा खालच्या बाजूनं घासल्याचा चकचकीत पट्टा दिसत असेल, तर तीही दरवाजा खाली बसल्याचीच खूण.

• रिमोटनं लॉक उघडत नाही, किल्लीनं उघडतं : रिमोटचा सेल किंवा दरवाजातली लॉकची छोटी मोटार तपासावी लागेल. गाडीची बॅटरी उतरली असेल तरीही सेंट्रल लॉक अर्धवट चालतं.

काय काय लागेल?

साहित्य साधं आहे : एक जुना टूथब्रश, दोन-तीन सुती फडकी, मोठा पेचकस, बॅटरी किंवा मोबाईलचा उजेड, जुनं वर्तमानपत्र, गंज सोडवणाऱ्या स्प्रेचा छोटा डबा आणि पांढऱ्या लिथियम ग्रीसचा स्प्रे किंवा ट्यूब. स्पेअर पार्टच्या दुकानात हे मिळतं. स्प्रे घेताना त्यासोबत लाल बारीक नळी आहे ना, ते पाहा. त्या नळीशिवाय तेल आत पोहोचत नाही, नुसतं बाहेरच्या पत्र्यावर उडतं.

स्प्रे मारताना तोंड लांब ठेवा आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या. जवळ विडी-सिगारेट, चूल नको. हे डबे उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. ५० अंशांच्या वर तापू देऊ नये, असा इशारा अशा डब्यांवर छापलेला असतो, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत बंद गाडी त्याहून जास्त तापते.

दरवाजा उघडा आहे, पण लागत नाही

ही सोपी बाजू आहे, कारण लॅच डोळ्यांसमोर असतो. पुढच्या पायऱ्या याच क्रमानं घ्या.

१. लॉक उघडं असल्याची खात्री करा. लॉक लागलेलं असेल तर हँडल ओढूनही आकडा सुटणार नाही.

२. आकड्याची स्थिती पाहा. त्याचं तोंड खाचेतून बाहेरच्या बाजूला उघडं दिसायला हवं. दरवाजा उघडा असूनही आकडा फिरून खाच बंद झाली असेल, तर कडी आत शिरणारच नाही. अशा वेळी दरवाजा आपटला तर आकडा, कडी आणि रंग, तिन्हींचं नुकसान. बाहेरचं हँडल ओढून धरा. आकडा पटकन उघडला तर ठीक. नाही उघडला तर हँडल तसंच धरून पेचकसानं आकडा हळूच बाहेरच्या बाजूला सरकवा. आकड्यात बोट घालू नका, स्प्रिंगचा झटका जोरात बसतो.

३. आतल्या सीटवर आणि दरवाजाच्या पॅनेलवर वर्तमानपत्र लावा. तेलाचे डाग कापडावरून निघत नाहीत.

४. आधी कोरडी सफाई. ब्रशनं सुटी धूळ, माती, टरफलं काढा. फडक्याच्या टोकानं जुना काळा लगदा पुसून घ्या.

५. नळी खाचेत घालून गंज सोडवणारा स्प्रे मारा. आकड्याच्या दोन्ही बाजूंना आणि तो ज्या पिनवर फिरतो तिथं. दहा-पंधरा मिनिटं थांबा. काळं-तांबूस पाणी ओघळायला लागेल. ते पुसा आणि पुन्हा मारा. ओघळणारं तेल स्वच्छ दिसेपर्यंत दोन-तीनदा हेच करा.

६. आता आकडा हलवून पाहा. पेचकसाची दांडी कडीसारखी खाचेत घालून आत ढकला. एक ‘टक’, मग दुसरा ‘टक’ ऐकू आला पाहिजे. मग बाहेरचं हँडल ओढा. आकडा झटक्यात उघडायला हवा. असं दहा-बारा वेळा करा, म्हणजे स्प्रेचं तेल आत सगळीकडे पसरतं.

७. जादा तेल पुसून घ्या आणि पांढरं ग्रीस द्या. आकड्याच्या दातांवर, पिनवर आणि कडीच्या आतल्या बाजूला पातळ थर पुरे. भरपूर ग्रीस म्हणजे भरपूर धूळ.

८. पेचकसाची चाचणी पुन्हा एकदा घ्या. आतलं हँडल, बाहेरचं हँडल आणि लॉक, तिन्ही तपासा. सगळं ठीक असेल तरच दरवाजा लावा.

या सगळ्यात आठवी पायरी सर्वांत महत्त्वाची. तेल मारलं की लगेच दरवाजा लावून पाहण्याचा मोह होतो. पण आकडा बंद झाला आणि खटका चिकटून राहिला, तर दरवाजा बंद अवस्थेत अडकतो. मग लॅचपर्यंत हातच पोहोचत नाही. पेचकसानं लॅचला फसवून आधी खात्री करून घेतली, तर हा धोका टळतो.

दरवाजा बंद आहे आणि उघडत नाही

इथं घाई करून चालत नाही. आधी लॉक किल्लीनं आणि आतल्या कळीनं पाच-सहा वेळा लावा-उघडा करा. कधी कधी लॉकच अर्धवट अडकलेलं असतं.

त्यानंतर दोन माणसांची युक्ती करा. एकानं बाहेरून दरवाजा तळहातानं किंवा कमरेनं लॅचच्या जागी आत दाबायचा आणि दुसऱ्यानं त्याच वेळी हँडल ओढायचं. रबरी पट्टीच्या दाबामुळे आकडा कडीवर ताणलेला असतो. दरवाजा आत दाबला की तो ताण कमी होतो आणि खटक्याला सुटायला वाव मिळतो. आत माणूस बसवता येत असेल तर आतलं आणि बाहेरचं हँडल एकाच वेळी ओढून पाहा.

तरीही उघडला नाही, तर काच खाली करून किंवा दुसऱ्या दरवाजानं आत जाऊन, दरवाजा आणि खांब यांच्यामधल्या फटीतून लाल नळी लॅचच्या दिशेनं घाला आणि स्प्रे मारा. पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा मारा, मग दाबून-ओढून पाहा. गंज जुना असेल तर रात्रभर थांबून सकाळी परत प्रयत्न करावा लागतो. दरवाजा एकदा उघडला की लगेच लावू नका. वरच्या आठ पायऱ्या पूर्ण करा आणि मगच लावा.

टॉमी, पहार किंवा सळई फटीत घालून दरवाजा उचकटू नका. पत्रा वाकतो, रबर फाटतं आणि नंतर पावसाचं पाणी आत येतं. नव्या गाड्यांत तर सीटच्या बाजूला, छताच्या कडेला एअरबॅग असतात आणि दरवाजातून, खांबातून त्यांच्या वायरी आणि सेन्सर गेलेले असतात. तिथं ठोकाठोक करणं महागात पडतं.

कोणतं तेल चालतं, कोणतं नाही?

घरात जे आहे ते ओतायचं, ही आपल्याकडची जुनी सवय. लॅचच्या बाबतीत तीच नडते.

खोबरेल तेल : लगेच फरक पडल्यासारखा वाटतो. पण साधारण २४-२५ अंशांच्या खाली हे तेल थिजतं. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे बाटलीत जसं गोठतं, तसंच लॅचमध्येही गोठतं.

शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं तेल : हवेत राहून चिकट होतं. कढईच्या बुडाला बसणारा चिकट थर आठवा. तोच थर लॅचमध्ये बसतो आणि धूळ पकडतो.

रॉकेल, पेट्रोल, डिझेल : घाण धुऊन निघते, पण वंगणही धुऊन जातं. रबर आणि प्लास्टिकला ते चांगलं नाही. पेट्रोलच्या वाफेला तर ठिणगी पुरते.

जळालेलं इंजिन ऑईल : गाडीतून काढलेल्या काळ्या ऑईलमध्ये काजळी आणि धातूचा बारीक कीस असतो. लॅचला ते पॉलिश पेपरसारखं घासतं. शिवाय कपड्यांना डाग.

चाकाच्या बेअरिंगचं घट्ट ग्रीस : फार जाड. थंडीत खटका आवळतो आणि धूळ धरून ठेवतं.

गंज सोडवणारा स्प्रे : ‘डब्ल्यूडी-४०’ हे नाव सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेत १९५३ साली क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून हे द्रव तयार झालं. ‘डब्ल्यूडी’ म्हणजे पाणी हटवणारं, आणि ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं. नावातच त्याचं काम सांगितलं आहे. ओल काढणं, गंज सोडवणं, मळ सुटा करणं यात ते तरबेज आहे. पण त्याचा थर पातळ असतो आणि लवकर उडून जातो. नुसता स्प्रे मारून सोडलं तर महिन्या-दोन महिन्यांत दरवाजा पुन्हा करकरतो. म्हणून स्प्रे सफाईसाठी आणि ग्रीस टिकण्यासाठी, अशी दोघांची कामं वेगळी समजा.

पांढरं लिथियम ग्रीस : लॅच, कडी, बिजागरी आणि बॉनेटच्या खटक्याला योग्य. पाण्यानं सहज धुतलं जात नाही आणि जागेवर राहतं.

सिलिकॉन स्प्रे : दरवाजाच्या रबरी पट्ट्यांसाठी. फडक्यावर घेऊन पट्टीवर पुसा. रबर मऊ राहतं आणि पत्र्याला चिकटत नाही.

ग्रॅफाइटची पूड : किल्लीच्या भोकासाठी. तिथं ग्रीस भरू नका, आतल्या बारीक पिना चिकटतात. पूड मिळाली नाही तर मुलांच्या दप्तरातली मऊ शिशाची पेन्सिल घ्या, किल्लीच्या दातांवर नीट घासा आणि किल्ली चार-पाच वेळा आत-बाहेर करा. शिसं म्हणतात ते ग्रॅफाइटच असतं. किल्ली अडली तर पक्कड लावून पिळू नका. तुटलेला तुकडा आतच राहतो.

सुतळीवर भरवसा नको

दरवाजा अर्धवट लागलेला किंवा दोरीनं बांधलेला असेल, तर तो माणसाला धरून ठेवू शकत नाही. खड्डा, अचानक वळण किंवा मागून बसलेला धक्का, एवढ्यानं तो उघडू शकतो. वडापच्या जीपमध्ये दाराला टेकून बसलेला माणूस, मांडीवर घेतलेलं लेकरू, बेल्ट न लावलेली आजी, हे सगळे त्या एका आकड्याच्या भरवशावर बसलेले असतात. अपघातात गाडीच्या बाहेर फेकला गेलेला माणूस आत राहिलेल्यापेक्षा जास्त धोक्यात असतो. बेल्ट आणि पूर्ण लागलेला दरवाजा या दोन्ही गोष्टी मिळून माणूस आत राहतो.

उलट बाजूही तेवढीच गंभीर आहे. अपघात झाला, गाडीनं पेट घेतला किंवा गाडी कालव्यात उतरली, तर बांधलेला किंवा जाम झालेला दरवाजा ही बाहेर पडायची एक वाट बंद करतो. ‘तो दरवाजा आपण वापरतच नाही’ असं म्हणून वर्षानुवर्षं दुर्लक्ष करणाऱ्यांनी हा विचार जरूर करावा.

लहान मुलांचं तर फारच जपावं लागतं. अंगणात उभ्या गाडीत मुलं खेळायला शिरतात, दरवाजा लागतो, आतून उघडत नाही. मागे चाइल्ड लॉक, पुढचा लॅच जाम. मुलं गुदमरली असं आपण म्हणतो, पण खरा घात उष्णता करते. उन्हात बंद गाडीतलं तापमान पहिल्या अर्ध्या तासातच सर्वांत जास्त चढतं आणि लहान मुलाचं अंग मोठ्या माणसापेक्षा लवकर तापतं. झाडाच्या सावलीत गाडी आहे, म्हणून निश्चिंत राहता येत नाही.

मूल आत अडकलं तर आधी चारही दरवाजे आणि डिकी तपासा, दुसरी किल्ली मागवा, ११२ वर फोन करा. मूल निपचित पडलं असेल, प्रतिसाद देत नसेल किंवा उन्हाचा कडाका असेल, तर किल्लीची वाट पाहू नका. मुलापासून सर्वांत लांबची बाजूची काच निवडा. हाताला कापड गुंडाळा आणि टोकदार, कठीण वस्तूनं काचेच्या कोपऱ्यावर मारा. मधोमध मारून काच सहजी फुटत नाही. पुढची काच फोडण्याच्या फंदात पडू नका. ती दोन थरांची असते, तडकते पण जागा सोडत नाही. मुलाला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंग ओल्या कपड्यानं पुसा आणि १०८ च्या रुग्णवाहिकेनं दवाखान्यात न्या. काच पुन्हा बसवता येते.

हे घडूच नये म्हणून दारात उभी गाडीसुद्धा लॉक करा आणि किल्ली खुंटीला उंच टांगा. बंद पडलेली, विकायला ठेवलेली जुनी गाडी असेल तर तीही.

मेकॅनिककडे कधी जायचं?

दोनदा नीट साफ करून, ग्रीस देऊनही पेचकसाच्या चाचणीत दुसरा ‘टक’ येत नसेल, आकडा आपोआप सुटत असेल किंवा दात झिजलेला, तुटलेला दिसत असेल, तर लॅच बदलायलाच हवा. यात जुगाड करू नका. सळई निसटली, केबल तुटली, लॉकची मोटार बंद पडली, तर दरवाजाचं आतलं पॅनेल खोलावं लागतं. त्याच्या क्लिपा नाजूक असतात. पूर्वी कधी खोललं नसेल तर ते काम जाणकाराकडून करून घेतलेलं बरं.

कडी सरकवून दरवाजा जुळवता येतो, पण त्यात मिलिमीटरचा हिशेब असतो. स्वतः करायचंच असेल तर स्क्रू सैल करण्याआधी कडीच्या भोवती पेन्सिलनं खूण करून ठेवा, म्हणजे चुकलं तर जुन्या जागी आणता येईल. बिजागरीची पिन झिजलेली असताना कडी खाली सरकवून वेळ मारून नेऊ नका. दरवाजा आणखी खाली बसतो आणि पुढचा खर्च वाढतो.

जुना लॅच घेताना भंगारातल्या गाडीचा मिळतो, स्वस्तही पडतो. पण तो आपल्याच मॉडेलचा, आपल्याच बाजूचा आणि दोन्ही ‘टक’ नीट देणारा आहे का, हे दुकानातच पेचकस घालून तपासा. डावा लॅच उजवीकडे बसत नाही.

वर्षातून दोनदा, अर्धा तास

लॅच जाम झाल्यावर सोडवण्यापेक्षा तो जाम होऊ न देणं कमी कष्टाचं आहे. मृग लागायच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर ऊसतोड सुरू होताना एकदा, असं वर्षातून दोनदा पुरेसं होतं. त्या दिवशी एवढं करा :

• चारही दरवाजांचे लॅच आणि कड्या पुसून थोडं पांढरं ग्रीस.

• बिजागऱ्या आणि दरवाजा उघडा धरून ठेवणारी पट्टी, दोन्हींना ग्रीसचा हात.

• डिकीचा लॅच. गोणी, क्रेट चढवताना माल त्यालाच घासतो, त्यामुळे माती तिथं जास्त. पिकअपच्या फाळक्याचे हूक आणि त्यांच्या पिनाही पाहा.

• बॉनेटचा खटका आणि त्यामागचा दुसरा सुरक्षा हूक. तो कोरडा पडला किंवा अडकून राहिला, तर चालत्या गाडीत बॉनेट उघडून काचेवर आपटू शकतं.

• दरवाजाखालची पाण्याची भोकं काडीनं मोकळी.

• चाइल्ड लॉकची कळ कोणत्या बाजूला आहे, हे घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला दाखवून ठेवणं.

• गाडी धुतल्यावर खाचेतलं पाणी फडक्यानं टिपणं आणि आठवड्याच्या आत थोडं वंगण.

ज्या गाडीचा एखादा दरवाजा महिनोन् महिने उघडलाच जात नाही, तो आठवड्यातून एकदा तरी उघडून लावा. हलत राहिलेला आकडा सहसा चिकटत नाही. आणि कोणताही दरवाजा लावताना कान द्या. दोन ‘टक’ आले तर गाडी सुरू करा. एकच आला तर दरवाजा उघडून पुन्हा लावा.